शेंगा चटणी खवट होऊन परत येते, कडक भाकरी सादळते: नेमकं कारण कसं शोधायचं

सोलापुरात चटणी-भाकरीचं छोटं युनिट चालवणाऱ्या पोरापोरींची एक तक्रार एप्रिल उजाडला की सुरू होते आणि गणपतीपर्यंत थांबत नाही. शेंगा चटणी खवट लागते म्हणून दुकानदार पाकिटं परत देतात. पाऊस लागला की भाकरीचीही भर पडते: सादळली, मऊ पडली, घेऊन जावा. दिवाळीला सगळं सुरळीत असतं, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत माल पुरत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

यावर केले जाणारे उपायही ठरलेले आहेत. कुणी पाऊच बदलतं, कुणी शेंगदाण्याचा व्यापारी बदलतं, कुणी नायट्रोजन भरायच्या मशीनचं कोटेशन मागवतं, कुणी ओळखीतल्याने सांगितलेली पावडर टाकून बघतं. यातला एखादा कधी लागू पडतोही. पण तो का लागू पडला हे कळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी रोग परत येतो. माझ्या मते या सगळ्यात हात लावला जात नाही तो एकाच गोष्टीला, परत आलेल्या पाकिटाला. ते कचऱ्यात जातं किंवा, त्याहून वाईट, नव्या मालात मिसळलं जातं. खरं तर सगळी माहिती त्यातच असते.

आधी पैशाचं बघू

"शंभरात सात-आठ पाकिटं तर सगळ्यांचीच येतात की" असं म्हणून हा विषय सोडून दिला जातो, म्हणून हिशेब मांडतो. समजा २०० ग्रॅमचं पाकीट तुम्ही दुकानाला ६० रुपयांना देता आणि कच्चा माल, मजुरी, पाऊच, गॅस, वीज, वाहतूक धरून ते तुम्हाला ४५ ला पडतं. पाकिटामागे १५ रुपये सुटतात, शंभर पाकिटांना १५००. आता त्यातली ८ परत आली. ९२ पाकिटांचे १३८० मिळाले, आठांचे प्रत्येकी ४५ म्हणजे ३६० बुडाले, हातात राहिले १०२०. माल आठ टक्के परत आला आणि नफा ३२ टक्के गेला. एक परत आलेलं पाकीट म्हणजे तीन विकलेल्या पाकिटांचा नफा. परत आणायला गाडीचं जे पेट्रोल जळलं ते यात धरलेलंच नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. मार्जिन जितकं कमी तितका हा फटका मोठा. खपात दहा-पंधरा टक्के वाढ मिळावी म्हणून इन्स्टाग्रामवर खर्च करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा असं मला वाटतं, कारण परतावा, म्हणजे परत येणारा माल, आहे तसाच ठेवून खप वाढवला की परत येणारी पाकिटंही वाढतात.

परतीची वही

शंभर पानी साधी वही पुरते. परत आलेल्या प्रत्येक पाकिटासाठी एक ओळ: तारीख, दुकान, लॉट नंबर, दुकानदार काय म्हणाला, आणि पाकीट फोडल्यावर तुम्हाला स्वतःला काय दिसलं, कसला वास आला. दुकानदाराचं आणि तुमचं म्हणणं वेगवेगळं लिहा. दुकानदार सगळ्याच मालाला "खराब" म्हणतो. खवट, कुबट, करपट, कडू, बुरशी, गोळा झालेली, पाकीट फुगलेलं, पाकीट सुटलेलं, या आठ वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

लॉट नंबर छापणं कायद्यानं लागतंच. पण पुष्कळ युनिटांत महिन्याला एकच नंबर चालतो, मग त्याचा उपयोग शून्य. एक दिवसाचा माल म्हणजे एक लॉट धरा, आणि दिवसात दाण्याचं पोतं बदललं तर दुसरा लॉट. प्रत्येक लॉटची चार-सहा पाकिटं स्वतःकडे, सावलीत, कपाटात ठेवून द्या. हा राखीव नमुना. पुढचं सगळं निदान याच्यावर चालतं, त्यामुळे इथे कंजुषी नको.

आता वहीत ओळी जमल्या की त्या वाचायच्या कशा ते सांगतो.

एकाच लॉटची पाकिटं चार वेगळ्या दुकानांतून खवट म्हणून आली आणि तुमच्या कपाटातला नमुनाही तसाच निघाला, तर दोष आत आहे: दाण्यात किंवा तुमच्या कृतीत. वेगवेगळ्या लॉटची पाकिटं एकाच दुकानातून येतायत आणि कपाटातले नमुने चांगले आहेत, तर त्या दुकानात जाऊन माल कुठे लटकवलाय ते बघा. त्याच लॉटची काही पाकिटं उत्तम आणि मधलंच एखादं खराब, असं विस्कळीत चित्र असेल तर सील गळतंय. आणि ठरावीक महिन्यांतच सगळे लॉट लवकर जातायत, कपाटातलेही, तर उष्णता आणि पाऊच या दोघांकडे संशय जातो. बुरशी दिसली तर ओल आहे, मग बाकी काही शोधत बसू नका, ओल कुठून आली ते शोधा.

बहुतेक ठिकाणी दोन रोग एकत्र सापडतात. म्हणून एका वेळी एकच बदल करा. पाऊच, व्यापारी आणि दाणे भाजायचा रोस्टर एकाच आठवड्यात बदलणाऱ्याला काहीच कळत नाही.

दोष आत असेल तर: दाणा, भट्टी आणि लसूण

शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. त्या तेलाला हवा, उजेड आणि ऊब मिळाली की ते खवट होतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. दिवाळीत २५ अंशांच्या खोलीत तीन महिने टिकणारी चटणी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांत तीन आठवडेही टिकली तर नशीब. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, त्यात पत्रा. दाण्याचं तेल कॅलेंडर बघत नाही.

दाणा विकत घेताना भाव आणि दिसणं बघतो, वय विचारत नाही. खरिपाच्या शेंगा दिवाळीच्या आसपास बाजारात येतात, उन्हाळी शेंगा मे-जूनमध्ये. पावसाळ्यात "एकदम ताजा" म्हणून मिळणारा दाणा गेल्या दिवाळीचाही असू शकतो. पोत्याच्या मधून मूठभर काढा, दोन तळहातांत चोळा आणि नाकाशी न्या. चार दाणे कच्चे चावा. कच्च्या दाण्यातच शेवटी किंचित खवट, रंगासारखी चव जिभेवर राहत असेल तर भाजल्यावर ती झाकली जाते, महिन्याभरात पुन्हा वर येते. फुटक्या दाण्यांचं प्रमाणही बघा, फुटलेल्या दाण्याच्या तेलाला हवा लागून गेलेली असते. स्वस्त पडतो म्हणून फाडा घेऊन चटणी करणाऱ्यांच्या वहीत खवटपणाच्या ओळी जास्त निघणार.

काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे निवडून काढणं हा चवीचा प्रश्न नाही. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. निवडणाऱ्या बाईंना किलोवर मजुरी दिली की निवड घाईत होते. रोजावर द्या.

दाण्याच्या जातीनेही फरक पडतो. जुनागढच्या भुईमूग संशोधन संचालनालयाच्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या जाती २०२० मध्ये आल्या. त्यांच्या तेलात ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे ते उशिरा खवट होतं. असा दाणा वेगळा ठेवून देणारा शेतकरी गट मिळाला तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पण बाजारात तो मिसळूनच येतो, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका.

भट्टीकडे वळू. भाजण्यात कमी-जास्त होतं ते चवीवरून लगेच कळतं, त्यामुळे ते कुणीतरी दुरुस्त करतंच. न कळणारी चूक भाजल्यानंतर होते. गरम दाणा तसाच पोत्यात भरून ठेवला जातो, कारण कांडपाला उद्या लावायचंय. पोत्याच्या मधला दाणा रात्रभर गरम राहतो आणि तेलाचं नुकसान तिथेच सुरू होतं. वर साल काढलेली असेल तर आणखीच. भाजलेला दाणा लगेच पातळ पसरा, पंख्याखाली हाताला थंड लागेपर्यंत, आणि त्याच दिवशी कुटून त्याच दिवशी पॅक करा. "सोमवारी आठवड्याचं भाजून ठेवतो" ही पद्धत गॅस वाचवते आणि चटणी घालवते. साठवायचंच असेल तर कच्चा दाणा साठवा, सालीसकट, कोरड्या जागी, जमिनीपासून वर.

लसणाचं गणित फार जण करत नाहीत. नीट भाजलेल्या दाण्यात पाणी साधारण दोन टक्के, म्हणजे किलोला २० ग्रॅम. त्यात ६० ग्रॅम ओला लसूण घातला तर त्यातून आणखी ३५ ते ४० ग्रॅम पाणी आलं, कारण लसणात साठ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एकाच घटकाने चटणीतली ओल जवळजवळ तिप्पट केली. घरात आठ दिवसांत संपणाऱ्या चटणीला हे शोभतं, दुकानात तीन महिने लटकणाऱ्या चटणीला नाही. गोळे होणं, कुबट वास, कडेला बुरशी, या तिन्ही तक्रारींचा माग काढत गेलात तर पुष्कळदा लसणाशी येऊन थांबाल. पाकळ्या पातळ कापून ५०-६० अंशांवर ड्रायरमध्ये कडकडीत वाळवा, मग कुटताना घाला. चव थोडी बदलते हे खरं. ओल्या लसणाचा तो झणका येत नाही, आणि जुनी गिऱ्हाइकं ते ओळखतात. ज्यांना झणका सोडायचा नाही त्यांनी ओल्या लसणाची चटणी वेगळी करावी, मुदत पंधरा दिवस लिहावी आणि ती फक्त गावातल्या दुकानांना द्यावी. दोन माल, दोन मुदती. एकाच चटणीला दोन्हीकडे चालवायला गेलं की फसतं.

कुटण्याबद्दल सोलापुरात वाद घालायला कुणालाही आवडतं. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, ती चिकटसर लागते, तिची सर मिक्सरला नाही, हे मलाही मान्य. पण टिकण्याच्या दृष्टीने बघायचं ते एवढंच, की यंत्रातून बाहेर पडणारी चटणी हाताला किती गरम लागते. वेगात फिरून पूड करणाऱ्या पल्व्हरायझरमधून ती चांगलीच गरम येते. तशीच भरली तर पाकिटात वाफ धरते. उखळासारखं कुटणारं कांडप हळू चालतं, म्हणून थंड राहतं. यंत्र कोणतंही असो, चटणी परातीत पसरून निवल्याशिवाय पाऊचला हात लावू नका. तांब्या-पितळेची भांडी या सगळ्यातून बाजूला काढा. तांब्याचा अंश तेलाला लवकर खवट करतो, स्टील बरं.

आणि डबा. पॅकिंगच्या टेबलावरचा मोठा डबा अर्धा रिकामा झाला की वरून नवीन चटणी ओतायची, तळ कधीच घासायचा नाही. तळाची चटणी कधीची आहे हे कुणालाच माहीत नसतं. खवट झालेलं तेल नव्या तेलालाही लवकर नासवतं, विरजणाने दूध लागावं तसं. डबा रोज रिकामा, रोज धुतलेला आणि पूर्ण कोरडा. फुकटातला उपाय आहे, तरी फार ठिकाणी होत नाही.

परत आलेली चटणी नव्या लॉटमध्ये "थोडी थोडी" मिसळण्याबद्दल याच कारणाने सांगतो: ८ पाकिटं वाचवायला जाऊन तुम्ही ८० पाकिटांचं आयुष्य कमी करता. शिवाय हा गुन्हा आहे. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०२४ च्या डिसेंबरपासून परवानाधारक उत्पादकांकडून मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाची तिमाही माहिती मागायला सुरुवात केली ती अशा पुनर्विक्रीला आळा बसावा म्हणूनच.

दोष बाहेर असेल तर: सील, पाऊच आणि दुकानाचं दार

सील तपासायला बादलीभर पाणी पुरे. पाकीट पाण्याखाली धरा, हलकं दाबा. बुडबुडा आला की गळती. दर तासाला पाच पाकिटं अशी तपासा, विशेषतः व्होल्टेज खाली-वर झाल्यावर, कारण सीलिंग मशीनचा जबडा तेव्हा थंड पडतो. शेंगा चटणीत गळतीचं सगळ्यात मोठं कारण मात्र मशीन नसतंच. भरताना पाऊचच्या तोंडाला तेलकट पूड लागते आणि तिच्यावरूनच सील मारलं जातं. वरून ते पक्कं दिसतं, आत बारीक वाट राहते. लांब नळीचं नरसाळं वापरा म्हणजे पूड तोंडाला न लागता तळाशी पडेल, आणि सील मारण्याआधी तोंड कोरड्या कापडाने पुसा. एवढ्याने विस्कळीत परतावा निम्म्यावर येताना दिसतो.

पाऊचचं सांगतो. साधी पारदर्शक पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते, हवा जवळजवळ अडवत नाही आणि उजेड तर अजिबातच नाही. चटणीचा लाल रंग दिसावा म्हणून ती घेतली जाते. तोच रंग दुकानाच्या दारात लटकून महिन्यात विटतो. आतून चंदेरी थर असलेला पाऊच पाकिटामागे रुपया-दीड रुपया महाग पडेल. वरच्या हिशेबात एक परतावा ४५ रुपयांचा आहे, तुम्हीच ठरवा. आतला माल दिसायलाच हवा असं दुकानदार म्हणत असेल तर समोर चटणीचा चांगला फोटो छापा. खिडकीवाले पाऊच मला पटत नाहीत, खिडकीतून उजेड जातोच.

नायट्रोजनच्या मशीनबद्दल विचारणारे खूप भेटतात. नायट्रोजन पाकिटातली हवा काढतो, हे बरोबर. पण पाऊच साधा असेल तर बाहेरची हवा हळूहळू आत येणार आणि सील गळत असेल तर त्याच रात्री येणार. आधी नरसाळं, मग पाऊच, मग नायट्रोजन, हा क्रम उलटा केला की मशीनचे हप्ते सुरू होतात आणि परतावा तसाच राहतो. अनुदान आहे म्हणून घेऊन टाकू असंही नको. पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० मध्ये सुरू झालेली योजना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान देते. उरलेले ६५ टक्के तुमचेच, व्याजासकट. त्या पैशातून काही घ्यायचंच असेल तर छोटा ड्रायर आणि दाणा थंड करायचे ट्रे चटणीवाल्याला आधी उपयोगी पडतात. जिल्हा कृषी कार्यालयाकडे या योजनेचे संसाधन व्यक्ती असतात, प्रकल्प अहवाल बनवायला ते मदत करतात. अर्जापूर्वी योजनेची सद्यस्थिती तिथेच विचारून घ्या.

दुकानाचं दार राहिलं. नवी पेठेतल्या किंवा स्टेशनजवळच्या दुकानात पश्चिमेच्या उन्हात लटकलेली माळ बघा, दुपारी चारला त्या पाकिटाला हात लावून बघा. अक्कलकोट-पंढरपूरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या थांबतात त्या रस्त्याकडेच्या टपऱ्यांत तर सावलीच नसते. अशा ठिकाणी भरलेला माल आत, फळीवर ठेवायला सांगा आणि दारात लटकवायला रिकाम्या पाऊचची माळ द्या. रिकामे पाऊच ऊन खाऊन विटले तरी तुमचा माल जात नाही. एसटीने पुण्याला पार्सल पाठवत असाल तर उन्हाळ्यात रात्रीच्या गाडीला टाका.

भाकरी सादळते त्याचं

कडक भाकरीचं निदान चटणीपेक्षा सोपं आहे, कारण ती मोडताना आवाजच सांगते.

पहिल्या दिवशी कडक आणि पाचव्या दिवशी मऊ, तेही तुमच्या कपाटातल्या सीलबंद पाकिटात? मग बाहेरची हवा निर्दोष आहे. भाकरीच्या कडा वाळल्या होत्या, मध्ये ओल राहिली होती. पाकिटात गेल्यावर मधली ओल कडांकडे पसरली आणि अख्खी भाकरी सारखी मऊ झाली. ही चूक घाईच्या दिवसांत होते, आषाढी वारीच्या आधी ऑर्डरी तुंबल्या की. उपाय मंद आचेवर जास्त वेळ. मोठ्या आचेने कडा करपतात, मध्य तसाच राहतो. भाकरी थापतानाच मध्ये जाड राहू नये याकडे बघा. थापणाऱ्या मावशींचा हात ज्याचा-त्याचा, त्यामुळे प्रत्येकीच्या थाळीतली एक भाकरी मधोमध मोडून बघायची सवय लावा. आणि गरम भाकरी पाकिटात कधीच नको. वाफ धरते.

काही पाकिटं कडक, काही मऊ असतील तर पाऊचला भोक आहे. हे भोक तुमच्याच भाकरीने पाडलेलं असतं. कडक भाकरीची कड टोकदार, गाडीत खालीवर होताना ती पातळ पाऊच टोचते. जाड पाऊच वापरा, किंवा भाकऱ्यांची चळत आधी पुठ्ठ्याच्या तबकात बसवा. तबकाने चुरा होण्याची तक्रारही कमी होते, आणि चुऱ्यामुळे येणारा परतावा वहीत वेगळा लिहा, तो सादळण्यात मिसळू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळीच पाकिटं हळूहळू मऊ पडत असतील तर पाऊच ओलीला अपुरा आहे, शिवाय पॅकिंगची खोली बघा. दारं उघडी, बाहेर पाऊस, आणि वाळलेल्या भाकऱ्या दोन तास टेबलावर उघड्या. तिथेच त्यांनी ओल ओढून घेतली. निवल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यातून थेट पाऊचमध्ये.

भाकरी कडू लागते ही तक्रार वेगळी, ती पिठाची. ज्वारीचं पीठ दळल्यावर काही दिवसांत कडवट व्हायला लागतं, बाजरीचं त्याहून लवकर, कारण बाजरीत तेल जास्त आणि दळल्यावर त्या तेलावर धान्यातलीच विकरं काम करायला लागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडीची चव कुणी नाकारत नाही, पण मानांकन दाण्याला आहे, आठ दिवस पडून राहिलेल्या पिठाला नाही. दोन-तीन दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीचं तर शक्यतो त्याच दिवशी. वरून लावलेले तीळही जुने असतील तर खवट लागतात, दोष मात्र भाकरीवर येतो.

मुदत कुठून आली?

पाकिटावर सहा महिने का लिहिले असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "सगळे तेवढेच लिहितात." त्या सगळ्यांचा पाऊच, दाणा आणि गोदाम तुमचं नाही. मुदत स्वतः काढा. एका लॉटची वीसेक पाकिटं घ्या, निम्मी कपाटात, निम्मी शेडमध्ये सगळ्यात गरम जागी ठेवा, मे महिन्यात. दर आठवड्याला दोन्हीकडचं एकेक फोडा. चव घ्यायला अशी पाच-सहा माणसं निवडा ज्यांना कोणतं कधीचं हे सांगितलेलं नाही. तीन वाट्या ठेवा, दोन ताज्या चटणीच्या, एक जुनीची, आणि वेगळी कोणती ते विचारा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी वेगळी वाटी बिनचूक दाखवली तो आठवडा म्हणजे तुमची हद्द. छापायची मुदत त्याच्या बऱ्याच अलीकडे. सोबत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ओलावा आणि पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल किती खवट व्हायला लागलंय त्याचं माप, तपासून घेतलंत तर मोठ्या दुकानांशी बोलताना कागद हातात राहतो.

मुदत कमी लिहिली की माल खपत नाही ही भीती पूर्ण खोटी नाही. ऑनलाइन विकणाऱ्यांना तर अडचण खरीच आहे, कारण ग्राहकाच्या हाती पडताना मुदतीचे किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत असं एफएसएसएआयने २०२४ च्या नोव्हेंबरात ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलंय. अडीच महिन्यांची मुदत असलेला माल तिथे अवघडतो. त्यांनी वाळवलेल्या लसणाची चटणी आणि चंदेरी पाऊच हाच मार्ग धरावा, तारीख ओढून-ताणून लांबवू नये.

सुट्या पावडरीबद्दल थोडक्यात. तेल खवट होऊ नये म्हणून वापरायची काही द्रव्यं कायद्याने ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात चालतात आणि ती लेबलवर लिहावी लागतात. दुकानातून कागदाच्या पुडीत मिळणारी, नाव नसलेली पावडर यात कुठेच बसत नाही. पाकिटावर एकीकडे "घरगुती" छापून आत ती टाकणं तर अंगाशी येण्यासारखं आहे. शिवाय ओल, गळकं सील आणि जुना दाणा यांतलं काहीच तिने सुटत नाही.

दुकानदाराशी बोलणं

वहीत दोन महिन्यांच्या ओळी जमल्या की दुकानदाराशी बोलायला बळ येतं. एरवी संवाद असा होतो:

"मालक, हे घेऊन जावा, गिऱ्हाईक तोंड वाकडं करायलंय."

"अहो काका, मागच्या आठवड्यात तर चांगला होता की माल."

"मग मी काय खोटं बोलायलोय का?"

यातून काही निघत नाही. वही असली की तुम्ही म्हणू शकता, "काका, हा लॉट बाकी सहा दुकानांत चांगला आहे, माझ्याकडचा नमुनाही आणलाय, चव घ्या. माळ जरा आत घेऊ या का?" काका बहुतेक वेळा घेतात. त्यांनाही परत द्यायची कटकट नकोच असते.

परतीचे नियम एकदाच, कागदावर ठरवा. सील सुटलेलं, लॉटचाच दोष असलेलं पाकीट तुम्ही विनातक्रार बदलून देणार. मुदत संपायला महिना उरला असताना कळवलं तर तेही बदलून देणार. मुदत संपल्यावर मागच्या फळीवरून काढलेलं नाही. बोललेलं पाळा, विशेषतः पहिला भाग, आणि बदली पाकीट जागेवरच द्या, "पुढच्या फेरीत बघू" नको.

एप्रिल ते सप्टेंबर माल कमी-कमी आणि लवकर-लवकर द्या. महिन्याला चाळीस पाकिटं टाकण्याऐवजी आठवड्याला दहा. फेऱ्या वाढतात, त्यासाठी एका बाजूची दुकानं एका दिवशी, असं लावा: सोमवारी होटगी रोडची, मंगळवारी अक्कलकोट रोडची. "दहावर एक फुकट" ही स्कीम उन्हाळ्यात बंद ठेवा. दुकानदार फुकटच्या पाकिटासाठी दहा घेतो, त्यातली चार मेच्या शेवटाला तुमच्याकडे परत येतात. ती स्कीम नोव्हेंबरात चालवा, गड्ड्याच्या आधी, तेव्हा माल तसाही राहत नाही.

गड्डा आणि आषाढीनंतर आणखी एक काम असतं. जत्रा संपल्याच्या आठवड्यात सगळ्या दुकानांतून फिरून उरलेला माल मोजा आणि ज्या दुकानात जास्त साठलाय तिथून उचलून ज्या दुकानात खपतोय तिथे द्या. अजून मुदत भरपूर असते, त्यामुळे हा परतावा ठरत नाही. तीन आठवडे थांबलात तर तीच पाकिटं वहीत यायला लागतात.